फासा, सोंग आणि सचोटी

“फादर, आमची पोरं रात्री फासे टाकत बसतात. राक्षस, जादूगार असं काहीबाही बोलतात. हे पाप तर नव्हं?” खजुरीच्या बाजूच्या एका मातेने रविवारच्या मिस्सेनंतर आम्हांस असा प्रश्न केला. तिच्या स्वरात काळजी होती, आणि ती अकारण होती असे आम्हांस म्हणवत नाही. फासा हा शब्दच असा आहे की तो कानी पडताच आपल्या देशात कोणासही धर्मराजाचा द्यूत आणि शकुनीचे कपट आठवावे. फाशांच्या आणि पत्त्यांच्या नादाने उघड्यावर आलेली घरे आमच्या वाचकांनीही पाहिली असतील. म्हणून ऐकीव गोष्टींवरून निवाडा न करता आम्ही स्वतःच एका सायंकाळी त्या मुलांत जाऊन बसलो. तेथे जे पाहिले ते वाचकांपुढे ठेवावे, असे वाटल्यावरून हा लेख.

प्रथम हा खेळ काय आहे ते सांगितले पाहिजे. पुण्यास नोकरी करणारा एक तरुण सुटीत येताना तो घेऊन आला. पाच-सहा जण एका मेजाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो व कथा सांगतो : येथे अरण्य आहे, येथे मोडका पूल आहे, पलीकडच्या गावावर संकट आले आहे. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कोणी सरदार, कोणी वैद्य, कोणी वाटाड्या. पात्राचे बळ व उणिवा कागदावर लिहिलेल्या असतात. पुलावरून उडी साधेल की नाही, असा संशयाचा प्रसंग आला की वीस बाजूंचा फासा टाकावयाचा व पडेल तो आकडा मानावयाचा. पैशाची पैज नाही, आणि एकाने दुसऱ्यास हरवावयाचे नाही. सर्वांनी मिळून संकटातून पार पडावयाचे. सोंग घेऊन कथा रंगविणे आपणांस काही नवे नाही. महाराष्ट्रात भारुडाची सोंगे आहेत, इकडे कन्नड मुलखात दोड्डाट आहे. पटावर नीती शिकविण्याची चालही जुनीच. मोक्षपट म्हणून जो सापशिडीचा पट ओळखला जातो, त्याचा संबंध परंपरा संत ज्ञानेश्वरांशी जोडते.

या खेळाचे मूळ मात्र युद्धाच्या सरावात आहे. प्रशियाच्या सैन्यात 1824 साली राइस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर खेळावयाचा युद्धखेळ सिद्ध केला. त्यात दोन्ही पक्षांहून वेगळा असा एक पंच असे, आणि कोणास काय दिसते व काय दिसत नाही, हे तोच ठरवी. पुढे 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छापून काढला, आणि पंचाचा सूत्रधार झाला. 1980 नंतरच्या दशकात तेथील पुष्कळ ख्रिस्ती घरांत या खेळाविषयी मोठी भीती पसरली. हा सैतानाचा मार्ग आहे, असे म्हटले जाऊ लागले. त्याच काळात, 1984 साली, डिक वुल्फ यांनी ‘ड्रॅगनरेड’ नावाचा ख्रिस्ती खेळ काढला. त्यात खेळाडूस पवित्र शास्त्रातील वचने तोंडपाठ म्हणून दाखवावी लागत. 1996 साली अशा ख्रिस्ती खेळाडूंचा एक संघही स्थापन झाला. तात्पर्य, जे साधन एकास भयावह वाटले तेच दुसऱ्याने पाठांतराच्या कामी लावले.

ख्रिस्तसभेचे शिक्षण या बाबतीत समतोल आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या धर्मशास्त्रसंग्रहात खेळाचा स्वतंत्र विचार केला आहे. तेथे ते एक जुनी आख्यायिका सांगतात. संत योहान शिष्यांसमवेत खेळताना आढळले, तेव्हा काही जणांस ते खटकले. योहानांनी त्यांतील एका धनुर्धाऱ्यास विचारले, तू सतत बाण सोडीत राहिलास तर काय होईल? धनुष्य मोडेल, असे उत्तर आले. मनाचेही तसेच आहे. मात्र थॉमस अटी घालतात : खेळात अश्लील व दुसऱ्यास इजा करणारे काही नसावे, मनाचा तोल सुटू नये, आणि तो स्थळ, काळ व व्यक्ती यांस शोभावा. संत फ्रान्सिस द साल्स यांनी 1609 सालच्या आपल्या ग्रंथात केवळ दैवावर चालणारे फाशांचे व पत्त्यांचे खेळ निषिद्ध मानले, कारण तेथे पारितोषिक कौशल्यास वा श्रमास नव्हे, तर दैवास मिळते. 1992 सालची ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा सांगते की दैवाचे खेळ स्वतः अन्यायाचे नव्हेत, पण माणसाच्या गरजेपुरतेही त्याच्यापाशी उरू न देणारा खेळ त्याज्य आहे, आणि खेळातील फसवणूक, हानी अगदी क्षुल्लक नसेल तर, गंभीर बाब आहे. म्हणजे विचार करावयाचा तो फासा हाती घेतला की नाही याचा नव्हे, तर तो कोणत्या मनाने टाकला याचा.

त्या सायंकाळी हे आम्हांस पुरते उमगले, आणि तेही आमच्याच चुकीतून. मुलांनी आग्रह केला म्हणून आम्ही एका वृद्ध वैद्याचे पात्र घेतले. आमचा फासा पडला तीनवर. वैद्याचे औषध वाया जावयाचे, पण सूत्रधार लगबगीने म्हणाला, “फादर, तुम्ही परत टाका.” आम्ही हसत पुन्हा टाकला, सतरा आले, सर्वांनी टाळ्या वाजविल्या. थोड्या वेळाने सर्वांत लहान मुलाचा फासा दोनवर पडला व त्याचा वाटाड्या दरीत कोसळला. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, “फादरना दुसऱ्यांदा मिळाला. मला का नाही?”

वाचकहो, व्यासपीठावरून आम्ही न्यायावर पुष्कळदा बोललो आहोत. त्या बालकाच्या सहा शब्दांपुढे मात्र आम्हांस उत्तर सुचले नाही. झग्याचा मान राखावा म्हणून नियम वाकला, आणि आम्ही तो आनंदाने वाकू दिला. आम्ही सूत्रधारास सांगितले, “आमचे तीनच धर.” वैद्याचे औषध वाया गेले, आणि त्यामुळे सर्वांचीच वाट बिकट झाली, परंतु लहानग्याने पुन्हा मन लावून खेळावयास घेतले.

दुसरा प्रसंग याहून कठीण होता. खेळात एक मुलगी होती. तिचे सारे शिक्षण कन्नडमधून झालेले. सीमेवरच्या मुलांस घरी मराठी, शाळेत कन्नड व बाजारात दखनी अशी कसरत करावीच लागते. तिच्या पात्राने काही सांगताना मराठी अडखळली. सरदाराचे पात्र घेतलेल्या मुलाने तिची नक्कल केली, आणि सगळे हसले. त्यानंतर तिचे पात्र मुके झाले. आपली पाळी आली की ती नुसता फासा टाकी. आम्ही त्या मुलास बाजूस घेऊन विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मी नाही हसलो, फादर. माझा सरदार हसला.”

या खेळातील खरी मेख येथेच आहे. मुखवट्याआडून बोललेला शब्द मुखवट्यास लागत नाही, माणसास लागतो. संत इग्नासी आपल्या आध्यात्मिक साधनेत साधकास गव्हाणीपाशी एक दीन सेवक म्हणून उभे राहावयास सांगतात. तेही एक पात्रच. परंतु ते पात्र घ्यावयाचे ते आपले हृदय मऊ व्हावे म्हणून. ज्या सोंगाने हृदय कठोर होते, ते सोंग राहत नाही. तो आपला खरा चेहरा होऊ लागतो. आम्ही त्या मुलास एवढेच म्हटले, “डोळ्यांत पाणी आले ते तिच्या पात्राच्या की तिच्या?” तो उठला, मेजापाशी गेला आणि म्हणाला, “अक्का, चुकलो. तू कन्नडमध्ये सांग, मी मराठीत सांगतो.” त्या रात्री सरदार दुभाष्या झाला.

निघण्यापूर्वी मुलांनी आपापसांत काही नियम ठरविले. फासा सर्वांसमक्ष टाकावा व पडेल तो आकडा सांगावा. सूत्रधाराने आपल्या मित्रास एक माप व दुसऱ्यास दुसरे माप लावू नये. काही फासे तो आडोशाने टाकतो, म्हणून त्याच्यावरील विश्वास हेच त्याचे भांडवल. खेळाडूच्या कानी आलेली पण पात्रास ठाऊक नसलेली गोष्ट वापरू नये. प्रत्येकास बोलावयाची पाळी मिळावी. ज्या वर्णनाने कोणास भय वा लाज वाटेल ते, त्याने हात वर करताच, थांबवावे. जादूटोण्याचे खरे प्रयोग करण्याचा विषयच नको. आणि अभ्यास, घरचे काम व रविवारची मिस्सा यांच्या आड खेळ येऊ नये. त्या मातेस आम्ही हेच सांगितले, आणि एकदा तिनेही मेजापाशी जाऊन बसावे, असे सुचविले.

शेवटी एक विचार. संत योहानाच्या शुभवर्तमानात क्रुसाच्या पायथ्याशी शिपाई प्रभूच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकतात. त्यांनी आपसांत लबाडी केली, असे तेथे कोठे म्हटलेले नाही. अंगरखा फाडू नये म्हणून त्यांनी सर्वांस मान्य असा मार्ग काढला, म्हणजे वाटप नियमानेच झाले. पण त्यांच्या हाकेच्या अंतरावर एक जण मरत होता, आणि त्यांचे लक्ष वस्त्राकडे होते. नियम पाळला म्हणजे सर्व काही पाळले, असे नाही. फासा सचोटीने टाकावा हे खरेच. पण तो टाकताना मान वर करून शेजारी कोण बसले आहे, ते आधी पाहावे.