घाम नाही, थरथर नाही : गोल्फ सिम्युलेटर आणि दडपणाचा अभ्यास

शस्त्रकर्म करणाऱ्या वैद्याचे गुण सांगताना सुश्रुताचार्यांनी शौर्य, क्रियेतील शीघ्रता आणि शस्त्रांची तीक्ष्णता यांच्या बरोबरीने घाम न फुटणे, हात न थरथरणे आणि ऐनवेळी भांबावून न जाणे यांचीही गणना केली आहे. पुढे योग्यासूत्रीय अध्यायात छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांवर, वेधनाचा कमळाच्या देठावर, सीवनाचा वस्त्राच्या कडांवर आणि बंधनाचा मानवाकृती पुतळ्यावर करावा, असे सांगितले आहे. हे सर्व आपणां सर्वांस परिचित आहे. तथापि या दोन स्थळांच्या मध्ये एक प्रश्न शिल्लक राहतो. भोपळ्यावर सफाईने चालणारा हात पहिल्या रुग्णासमोर का अडखळतो? भोपळ्याला वेदना नसते आणि त्याचे नातेवाईक दाराबाहेर उभे नसतात. हस्तकौशल्य अनुकृतीवर शिकता येते. पण घाम न फुटणे तिच्यावर शिकता येते काय?

गेल्या काही दशकांत या प्रश्नाचा बारकाईने विचार झाला तो, आश्चर्य वाटेल, पण गोल्फच्या क्षेत्रात. या खेळात चेंडू स्थिर असतो, प्रतिस्पर्धी आडवा येत नाही आणि विचार करायला वेळ भरपूर मिळतो. हा मोकळा वेळच घातक ठरतो. सन १९९९ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत स्कॉटलंडमधील कार्नूस्टी येथे फ्रान्सचा जाँ व्हान द व्हेल्ड हा अखेरच्या छिद्राशी तीन फटक्यांच्या आघाडीने पोहोचला. सहा फटके घेतले तरी विजेतेपद त्याचेच होते. पण एक फटका प्रेक्षकांच्या सज्जावर आदळून परत आला, पुढचा ओढ्यात गेला, आणि हा गृहस्थ बूट काढून पाण्यात उतरलेला जगाने पाहिला. त्याला सात फटके लागले आणि बरोबरी सोडवण्यासाठी झालेल्या जादा खेळात पॉल लॉरी विजयी झाला. पुढे एका जाहिरातीच्या निमित्ताने त्याने तेच छिद्र केवळ पटर हाती घेऊन खेळले, आणि तिसऱ्या प्रयत्नात सहा फटक्यांत पूर्ण केले! कौशल्य त्याच्यापाशी होतेच. त्या दिवशी ते त्याला वापरता आले नाही.

आता घरातील यंत्राकडे वळू. अमेरिका, ब्रिटन यांसारख्या देशांत हिवाळ्यात मैदाने बंद असतात किंवा चिखलाने भरतात. त्यामुळे मोटारीच्या गॅरेजमध्ये सिम्युलेटर बसवण्याची प्रथा तेथे रुजली असून २०२० च्या साथीनंतर ती अधिकच वाढली. दक्षिण कोरियात तर पडद्यावरचे गोल्फ हा घराबाहेरचाही लोकप्रिय विरंगुळा आहे. यंत्राची रचना अशी : पायाखाली कृत्रिम गवताची चटई, समोर जाड कापडाचा पडदा, त्यावर प्रोजेक्टरने दाखवलेले मैदान, आणि चेंडूचा वेग, कोन व फिरकी मोजणारे रडारचे किंवा कॅमेऱ्याचे उपकरण. चेंडू काही फुटांवर पडद्याला लागून खाली पडतो. तो पुढे कोठे गेला असता हे संगणक गणिताने ठरवून दाखवतो. खेळाडू तासाभरात शंभर फटके मारू शकतो आणि प्रत्येकाची आकडेवारी लगेच डोळ्यांसमोर येते.

येथेच खरी मेख आहे. १९९२ साली रिचर्ड मास्टर्स यांनी गोल्फच्या पटिंगवर प्रयोग केला. हालचालींचे नियम पाठ करून शिकलेले नवशिके ताणाखाली अडखळले. पण लक्ष दुसरीकडे गुंतवून, नियमांवाचून शिकलेल्यांची प्रगती ताणातही चालू राहिली. म्हणजे मुरलेल्या क्रियेकडे मन पुन्हा पायरी-पायरीने पाहू लागले की ती विस्कटते. घरातील यंत्र प्रत्येक फटक्यानंतर नेमके हेच करायला लावते. काठी कोणत्या मार्गाने आली याचा हिशेब मांडते. दोष शोधताना हे फार उपयोगी आहे. दडपणाच्या सरावात मात्र आमच्या मते आकड्यांचा फलक सरळ झाकून ठेवावा.

मग दडपण आणावयाचे कसे? सियान बायलॉक आणि थॉमस कार यांच्या २००१ च्या प्रयोगात काही जणांनी पटिंगचा सराव कॅमेऱ्यासमोर केला. हे चित्रण गोल्फचे जाणकार पाहतील, असे त्यांना सांगितले होते. पुढे ताणाच्या परीक्षेत हा गट ढासळला नाही. एकांतात शिकलेले मात्र ढासळले. आऊदेयान्स आणि पाइपर्स या संशोधकांनी २०१० मध्ये डार्टफेकीवर केलेले काम आपल्याला अधिक जवळचे वाटेल. त्यांनी नवशिक्यांना चढाईच्या भिंतीवर थोड्याच उंचीवर लटकवून सराव दिला. नंतर तेच लोक भिंतीवर बरेच वर, म्हणजे अधिक भीतीत, असतानाही नेम टिकवू शकले. जमिनीवर उभे राहून शिकलेल्यांचा नेम बिघडला. पूर्ण तीव्रतेची भीती देण्याची गरज पडली नाही, अल्प मात्रा पुरली. मात्रेचा विचार करणाऱ्या वैद्याला यात नवल वाटू नये.

तेव्हा यंत्र तेच, पण वापर निराळा हवा. पडद्यावर चुकलेला फटका कळ दाबून पुसता येतो. ही कळ हीच दडपणाच्या अभ्यासाची शत्रू होय. तिला हात लावायचा नाही असा नियम प्रथम करावा. एका वेळी एकच चेंडू घ्यावा आणि अठरा छिद्रे जशी येतील तशी खेळावीत. दहापैकी सात फटके ठरलेल्या पट्ट्यात पडले नाहीत, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. किंवा दिवसाकाठी एकच फटका : कामावरून घरी यावे, जिना दोनदा चढून नाडी वाढू द्यावी, अंग मोकळे न करता काठी उचलावी आणि घरची मंडळी पाहत असताना मारावे. चुकला तर रात्रीची भांडी आपल्याकडे. शिक्षा क्षुल्लक असली तरी चालते, पण ती खरोखर भोगावी लागली पाहिजे. भांडी उद्यावर ढकलली की तो सराव राहत नाही. फटक्यापूर्वीचा श्वास आणि लक्ष्याकडे पाहणे यांचा क्रम मात्र प्रत्येक वेळी तोच ठेवावा.

औषधालयाच्या संचालकांसाठी एक गोष्ट येथेच नोंदवतो. हाताची थरथर थांबवण्यासाठी बीटा-ब्लॉकर वर्गातील गोळ्या घेण्याचा मोह खेळाडूंना होतो. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांनुसार गोल्फमध्ये स्पर्धेच्या काळात ही औषधे निषिद्ध आहेत. ज्याला ती रक्तदाबासाठी वा हृदयविकारासाठी चालू आहेत, त्याने ती परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे; त्याला त्याच्या डॉक्टरांकडे आणि वैद्यकीय सवलतीच्या रीतसर अर्जाकडेच वळवावे.

यंत्राच्या मर्यादाही ध्यानात असाव्यात. चेंडूच्या मागे चटईवर आदळलेली काठी घसरून पुढे जाते आणि फटका बरा दिसतो. खऱ्या जमिनीत तीच काठी रुतते. अशा रीतीने चटई दोष लपवते. दोन फटक्यांमधली चाल आणि त्या चालीत मनात येणारे विचारही घरात मिळत नाहीत. पटिंगमध्ये तर सिम्युलेटर सर्वांत दुबळा. टायगर वुड्स आणि रॉरी मॅकिलरॉय यांच्या पुढाकाराने जानेवारी २०२५ मध्ये फ्लोरिडात टीजीएल ही बंदिस्त सभागृहातील लीग सुरू झाली. तेथे प्रेक्षकांसमोर, चाळीस सेकंदांच्या घड्याळाखाली, लांबचे फटके भव्य पडद्यावर मारतात. छिद्राजवळचा खेळ मात्र पडद्यावर न ठेवता, सभागृहातच उभारलेल्या प्रत्यक्ष कृत्रिम हिरवळीवर होतो. घरीही हीच विभागणी योग्य. पटिंगसाठी यंत्र नको. दिवाणखान्यातला गालिचा, आडवा ठेवलेला पेला, एकच चेंडू आणि पाहायला बसलेली घरची माणसे एवढे पुरते.