विश्लेषण : फिट थांबली, तरी विसरायला का होते? अपस्मार आणि मनाचे नाते

‘फिट आली होती का? गोळ्या वेळेवर घेता ना?’ अपस्माराच्या रुग्णाची तपासणी अनेकदा या दोन प्रश्नांवर संपते. मन उदास असते का, कामात लक्ष लागते का, हे कुणी विचारत नाही आणि रुग्णही सांगत नाही. प्रत्यक्षात अपस्मार असलेल्या साधारण चारपैकी एकाला नैराश्याचा त्रास होतो. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. भारतात ही संख्या १ कोटीहून अधिक असल्याचा अंदाज आहे.

अपस्मार हा मानसिक आजार आहे का?

नाही, तो मेंदूचा आजार आहे. मेंदूतील पेशी विजेच्या सूक्ष्म संदेशांतून एकमेकींशी बोलतात. त्या एकाच वेळी बेसुमार संदेश सोडू लागल्या की झटका येतो. त्यालाच फिट, आकडी, मिरगी किंवा फेफरे म्हणतात. प्रत्येक झटक्यात हातपाय आखडतातच असे नाही. काही झटक्यांत माणूस काही सेकंद नुसता शून्यात पाहत राहतो.

मग नैराश्य का येते?

पहिले कारण मेंदूतच आहे. प्रौढांमधील अनेक झटके कानशिलाच्या आतल्या ‘टेम्पोरल लोब’मधून सुरू होतात. भीती आणि भावना हाताळणारी केंद्रेही तिथेच आहेत. विशेष म्हणजे हे नाते दुहेरी आहे. ज्यांना आधी नैराश्य होते, त्यांच्यात पुढे अपस्मार होण्याचे प्रमाणही जास्त आढळते.

दुसरे कारण रोजच्या जगण्यात आहे. पुढचा झटका कधी आणि कुठे येईल, ही धास्ती कायम असते. वाहन परवान्याच्या अर्जातच अपस्माराबद्दल विचारणा होते. लग्न ठरवताना आजार लपवला जातो. मग सासरी गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, त्या चुकतात आणि झटका येतो. १९९९ च्या कायदादुरुस्तीने हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख काढून टाकण्यात आला. समाजातली भीती मात्र तेवढ्याने गेलेली नाही.

विसरायला का होते?

‘अपस्मार’ या शब्दातच स्मृती जाण्याचा अर्थ आहे. नव्या आठवणी साठवणारा ‘हिप्पोकॅम्पस’ हा भाग टेम्पोरल लोबमध्येच असतो. वारंवार झटके आले की त्यावर परिणाम होऊ शकतो. रात्रीच्या झटक्यांनी झोप मोडते, त्याचाही फटका बसतो. शिवाय नैराश्यात लक्ष लागत नाही आणि लक्ष न लागलेली गोष्ट आठवत नाही. त्यामुळे नैराश्यावर उपचार केल्यावर काहींची स्मरणशक्तीची तक्रारही कमी होते.

मुलांमध्ये हे ओळखणे आणखी कठीण असते. काही सेकंदांचे ‘हरवलेपण’ दिवसातून अनेकदा आले तर शिकवलेले निसटते आणि मुलावर ‘आळशी’, ‘मठ्ठ’ असा शिक्का बसतो.

गोळ्यांचा वाटा किती?

काही प्रमाणात असतो. लेव्हेटिरासिटॅममुळे काहींची चिडचिड वाढते. टोपिरामेटमुळे बोलताना नेमका शब्द सुचेनासा होतो. फेनोबार्बिटोनमुळे सुस्ती येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये अपस्मारावरील औषधांबाबत आत्महत्येच्या विचारांकडे लक्ष ठेवण्याचा इशारा दिला होता.

याचा अर्थ गोळ्या बंद करा, असा मुळीच नाही. औषध अचानक थांबवल्यास न थांबणारे, जिवावर बेतणारे झटके येऊ शकतात. मात्रा कमी करणे, औषध हळूहळू बदलणे असे पर्याय डॉक्टरांकडे असतात. त्यासाठी त्रास त्यांना कळायला हवा.

नैराश्यावरची औषधे घेतल्याने फिट वाढते का?

या भीतीने अनेकजण उपचार टाळतात. ‘एसएसआरआय’ गटातील नेहमीची औषधे योग्य मात्रेत साधारणपणे सुरक्षित मानली जातात. बुप्रोपिऑनसारखी काही औषधे मात्र टाळली जातात. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाला अपस्मार आणि सुरू असलेल्या सर्व गोळ्यांची माहिती द्यावी. समुपदेशनाचाही चांगला उपयोग होतो.

पुढच्या तपासणीला जाताना काय करावे?

* झटक्यांच्या नोंदवहीत झोप, मूड आणि विसरण्याचे प्रसंगही लिहा.
* नवी गोळी सुरू झाल्यावर स्वभावात बदल झाला का, हे घरच्यांनी तारखेसह सांगावे.
* नैराश्याच्या चाचणीबद्दल विचारा. अपस्माराच्या रुग्णांसाठी खास सहा प्रश्नांची चाचणी आहे. ती काही मिनिटांत होते.
* मूल अभ्यासात मागे पडत असेल तर शिक्षकांना आजाराची कल्पना द्या.
* जगणे नकोसे वाटत असेल तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास सुरू असतो. तिथे मराठीतही बोलता येते.

योग्य उपचार मिळाले तर सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मात्र झटके थांबले म्हणजे त्रास संपलाच असे नाही. ‘फिट आली का?’ या प्रश्नासोबत ‘बरे वाटते का?’ हेही घरात आणि दवाखान्यात विचारायला हवे.