भाड्याच्या विलंबावर दंड : कायद्याची मर्यादा

हिंगोली जिल्ह्यातील आपल्या अनेक वैद्यबांधवांची चिकित्सालये व औषधी दुकाने भाड्याच्या जागेत आहेत. सोयाबीन व हळदीचा पैसा हाती आल्याशिवाय ग्रामीण रुग्णांकडील उधारी वसूल होत नाही आणि एखाद्या महिन्याचे भाडे मागेपुढे होते. अशा वेळी जागामालकाने ‘विलंब शुल्क’ मागितल्यास ते देणे बंधनकारक आहे काय, असा प्रश्न व्यवसायबंधू आम्हांस विचारतात. जागा सुटली तर रुग्णांचा परिचय तुटतोच. शिवाय ॲलोपॅथिक औषधविक्रीचा किंवा आयुर्वेदीय औषधनिर्मितीचा परवाना विशिष्ट जागेपुरता असल्याने तोही नव्याने घ्यावा लागतो. म्हणून या विषयाचा थोडक्यात ऊहापोह करीत आहोत.

करारातील दंड

मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबाद घरे (भाडे, निष्कासन व पट्टा) नियंत्रण कायदा होता. तो रद्द होऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. या अधिनियमाने विलंब शुल्काचा दर ठरवून दिलेला नाही. उभयपक्षी करारात अट नसेल, तर मालकास मनास येईल तो दंड आकारता येत नाही. अट असली, तरी ती रक्कम पूर्णपणे वसूल होईलच असे नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेला दंड ही केवळ कमाल मर्यादा होय. न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाई देववते. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास (१९६३) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व सांगितले आहे.

वाजवी म्हणजे किती? भाडे ६,००० रुपये आणि दंड रोज ५० रुपये असा करार असेल, तर तीस दिवसांत १,५०० रुपये होतात. म्हणजे दरमहा २५ टक्के. उलटपक्षी, भाडे अधिनियमाच्या कलम १५ मधील द.सा.द.शे. १५ टक्के सरळव्याजाने हीच रक्कम ७५ रुपये होते. आमच्या मते, वाटाघाटीत हा दर मापदंड म्हणून पुढे ठेवावा.

जागेचे संरक्षण

थकबाकीच्या कारणावरून ताबा मागण्यापूर्वी मालकाने भाड्याची लेखी मागणी-नोटीस देणे आवश्यक आहे. ती बजावल्यानंतर ९० दिवस उलटल्याखेरीज दावा लावता येत नाही. दावा झालाच, तर समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकीत भाडे उपरोक्त व्याजासह न्यायालयात भरावे, निकालापर्यंत नियमित भाडे भरत राहावे व दाव्याचा खर्च द्यावा. म्हणजे या कारणावरून निष्कासनाचा हुकूम होत नाही.

कलम १५ मधील मागणी ही प्रमाण भाडे व अनुज्ञेय वाढ यांची आहे, दंडाची नव्हे. म्हणून विलंब शुल्काच्या वादापायी मूळ भाडेच अडवून ठेवणे हे सर्वांत मोठे अपथ्य होय. दंड न दिल्याबद्दल मालकाने वीज वा पाणी तोडल्यास कलम २९ खाली तो अपराध ठरतो.

अपवाद

शासनाच्या किंवा नगरपरिषदेच्या मालकीच्या गाळ्यांना हा अधिनियम लागू नाही. तेथे वाटपाच्या अटी व संबंधित कायदे पाहावे लागतात. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारान्वये जागा घेतली असल्यास भाडेकरूस मिळणारे कलम १५ चे संरक्षण मिळत नाही. आपले गाव अधिनियमाच्या कक्षेत येते काय, हेही पाहावे. येत नसल्यास मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ११४ आहे. सुनावणीच्या वेळी थकबाकी, व्याज व खर्च भरल्यास न्यायालय पट्टा वाचवू शकते.

पथ्यापथ्य

करार लेखी व नोंदणीकृत असावा. कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. सवलतीचे दिवस व व्याजाचा वार्षिक दर त्यात स्पष्ट लिहावा. प्रत्येक भाड्याची पावती घ्यावी. कलम ३१ नुसार ती देणे मालकास बंधनकारक आहे. मालक भाडे स्वीकारत नसल्यास मनिऑर्डरने पाठवून पुरावा जपावा. नोटीस आल्यास त्याच आठवड्यात वकिलांचा सल्ला घ्यावा. व्याधी उत्पन्न झाल्यावर चिकित्सा करण्यापेक्षा निदानपरिवर्जन श्रेयस्कर, हे आपण रुग्णांस सांगतोच. करारावर स्वाक्षरी करतानाही त्याचे स्मरण ठेवावे, ही नम्र विनंती.