घड्याळ चुकलं, सायकल नाही

‘दहा किलोमीटरच्या शर्यतीत माझ्या घड्याळात १०.१४ भरले. आयोजकांनी जास्त पळवलं, नाहीतर पीबी झालाच होता!’ एका वाचकाची ही तक्रार. (पीबी म्हणजे पर्सनल बेस्ट, स्वतःची आजवरची सर्वोत्तम वेळ.) शर्यतींचा मोसम आला की असं कुणीतरी हमखास म्हणतं. उत्तर थोडं कडू आहे : बहुधा थोडं जास्त तुम्हीच पळालात, आणि उरलेलं घड्याळाने वाढवून सांगितलं.

घड्याळ उपग्रहांच्या मदतीने तुमची जागा ठरवतं आणि ते ठिपके जोडून अंतर काढतं. प्रत्येक ठिपका काही मीटर इकडेतिकडे असतो. थरथरत्या हाताने ओढलेली रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच भरणार. त्यातून उंच इमारतींवर आपटून सिग्नल येत असेल, तर विचारूच नका.

मग प्रमाणित रूट मोजतात कशाने? सायकलने! पुढच्या चाकापाशी जोन्स काउंटर नावाचा छोटासा आकडेमोजा बसवतात. आधी पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चार वेळा चालवायची, मग रूट मोजायचा, आणि परत येऊन त्याच पट्ट्यावर पुन्हा चार फेऱ्या मारायच्या. ऊन चढलं की टायरमधली हवा तापते, चाक किंचित फुगतं आणि तेवढ्याच अंतराला आकडे कमी पडतात. हा फरक त्या फेऱ्यांत पकडला जातो. वर हजारात एक मीटर मुद्दाम वाढवतात, म्हणजे रूट चुकूनही कमी भरू नये. दहा किलोमीटरला हे झाले १० मीटर. पन्नास मिनिटांत पळणाऱ्याला त्याचे ३ सेकंद लागतात.

ही पद्धत ब्रिटनच्या जॉन ज्युएल यांनी १९६१ मध्ये मांडली आणि अमेरिकेत रुजवली टेड कॉर्बिट यांनी. गुलामांचा हा नातू न्यूयॉर्कमध्ये फिजिओथेरपिस्ट होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये तो मॅरेथॉन धावला. होय, आपल्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवलं तेच ऑलिम्पिक! ती मॅरेथॉन जिंकली एमिल झाटोपेकने, कॉर्बिट ४४ वा आला. झाटोपेकचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. पण आज तुमच्या पीबीला अर्थ आहे तो कॉर्बिटने १९६४ मध्ये रस्तामापनावर लिहिलेल्या पुस्तिकेसारख्या कामामुळे. नव्या बुटांच्या जाहिरातींत त्याचं नाव कुठून येणार?

आता तुमचे जास्तीचे मीटर. सायकलस्वार वळणावर आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, शक्य तितक्या जवळच्या वाटेने जातो. तुम्ही त्या वाटेच्या ५ मीटर बाहेरून काटकोनी वळण घेतलंत, की जवळजवळ ८ मीटर वाढलेच. वळण लहान असो वा मोठं, हा आकडा बदलत नाही. वर्तुळाच्या परिघाचं सूत्र मांडून पाहा. त्यात गर्दीतून नागमोडी ओव्हरटेक धरा आणि हिशेब करा.

तेव्हा महागडे बूट घेण्याआधी वळणं आतून घ्यायला शिका, ते फुकट आहे. घड्याळातल्या किलोमीटरवर वेग ठरवू नका, रस्त्यावरच्या पाट्या पाहा. आणि नाव नोंदवतानाच आयोजकांना विचारा, ‘रूट सायकलने मोजलाय ना?’ मोजला नसेल तर खुशाल पळा, मजा करा. फक्त त्या वेळेला पीबी म्हणू नका.