गाजरगवत, मेक्सिकन भुंगा आणि लांबणारा पाऊस

पावसाच्या पहिल्या काही सरी पडल्या की रस्त्याच्या कडेला, शेताच्या धुऱ्यावर, कालव्याच्या काठी आणि पडीक जमिनीवर गाजरगवताची रोपे दाटीने उगवू लागतात. साधारणतः त्याच सुमारास, कित्येक महिने जमिनीत सुप्त पडून राहिलेला एक लहानसा भुंगा वर येतो आणि या रोपांच्या पानांवर तुटून पडतो. दोघांची गाठ वेळेवर पडली, तर पुष्कळसे गवत फुलोऱ्यावर येण्यापूर्वीच निष्पर्ण होते. गाठ हुकली, तर पुढील अनेक वर्षांची बी जमिनीत पडते. पावसाचे वेळापत्रक विस्कळीत होत असताना ही गाठ कशी साधावी, हा आज विस्तार कार्यकर्ते व शेतकरी बंधूंपुढील महत्त्वाचा प्रश्न आहे.

पुण्यापासून देशभर

गाजरगवत, काँग्रेस गवत किंवा चटक चांदणी या नावांनी परिचित असलेले पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे तण मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील आहे. भारतात त्याच्या प्रसाराची ठळक नोंद पुणे येथे १९५५-५६ च्या सुमारास झाली. आयात केलेल्या धान्यासोबत त्याचे बी आले असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आज देशात सुमारे ३.५ कोटी हेक्टर क्षेत्र या तणाने व्यापले असल्याचा अंदाज आहे. एका जोमदार झाडापासून १५ ते २५ हजार बिया तयार होतात. त्या अत्यंत हलक्या असल्याने वारा, पाणी, जनावरे, शेणखत व वाहनांच्या चाकांबरोबर सहज दूरवर जातात. या वनस्पतीतील पार्थेनिन या द्रव्यामुळे माणसांना त्वचादाह, तर परागकणांमुळे दमा व नाकाची ॲलर्जी होते. दुभत्या जनावरांनी हे गवत खाल्ल्यास दुधाला कडवटपणा येतो.

नागपूरहून शिवनी, लखनादौनमार्गे जबलपूरला पोहोचले की अधारताल भागात भारतीय कृषी संशोधन परिषदेचे तण संशोधन संचालनालय लागते. १९८९ मध्ये राष्ट्रीय केंद्र म्हणून स्थापन झालेल्या व २००९ मध्ये संचालनालयाचा दर्जा मिळालेल्या या संस्थेने गाजरगवताच्या जैविक नियंत्रणाचे कार्य सातत्याने केले आहे. येथून मेक्सिकन भुंगे राज्याराज्यांतील कृषी विज्ञान केंद्रांना व शेतकऱ्यांना पुरविले गेले. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या कालावधीत साजरा होणारा गाजरगवत जागृती सप्ताहही याच संस्थेच्या पुढाकाराने देशभर पोहोचला.

भुंगा आणि त्याचे काम

झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगा १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळूरु येथे आणला गेला. तो अन्य पिकांवर जगत नाही याची चाचणी घेतल्यानंतर १९८४ मध्ये त्यास शेतात सोडण्यात आले. प्रौढ भुंगा फिकट पांढरट असून त्याच्या पंखांवर गडद तपकिरी उभे पट्टे असतात. मादी पानांवर अंडी घालते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या प्रथम शेंड्याची कोवळी पाने व कळ्या खातात आणि पूर्ण वाढ झाल्यावर मातीत जाऊन कोष करतात. अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास अनुकूल हवामानात सुमारे चार आठवड्यांत पूर्ण होतो.

१९९० च्या दशकाच्या प्रारंभी हा भुंगा सूर्यफुलावर आढळल्याने मोठी चिंता निर्माण झाली होती. सूर्यफूल हे गाजरगवताच्याच कुळातील पीक असल्याने ही भीती निराधार म्हणता येत नव्हती. शासनाने नेमलेल्या समितीने व संशोधकांनी या बाबीचा तपास केला. सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे परागकण पडलेले असल्यास भुंगा ती पाने कुरतडतो. परंतु त्या पिकावर त्याचा वंश टिकत नाही, असे दिसून आले. जैविक घटक वापरण्यापूर्वी व वापरल्यानंतरही किती दक्षता हवी, याचा हा धडा आहे.

हवामान बदलाने बिघडलेला मेळ

गाजरगवत पावसाच्या दिनांकावर अवलंबून नसते. जमिनीत ओल असली की ते थंड तसेच उष्ण अशा दोन्ही हवामानांत उगवते. त्यामुळे अवकाळी पाऊस, हिवाळ्यातील सरी किंवा ओलिताची सोय मिळाली, तर वर्षातून अनेकदा त्याची नवी पिढी तयार होते. शिवाय वातावरणातील कर्बवायूचे वाढते प्रमाण या वनस्पतीच्या वाढीस पोषक ठरते. अशा परिस्थितीत पिके व तणे यांची स्पर्धा कशी बदलेल, याच्या अभ्यासासाठी जबलपूरच्या संचालनालयात कर्बवायूचे प्रमाण वाढविता येईल अशा प्रयोग-सुविधा उभारलेल्या आहेत.

भुंग्याचे जीवन मात्र पावसाळ्याशी घट्ट बांधलेले आहे. पावसाळा ओसरू लागला की प्रौढ भुंगे मातीत शिरतात आणि हिवाळा व उन्हाळा सुप्तावस्थेत काढतात. पुढील पावसाने माती ओलावल्यावरच ते मोठ्या संख्येने वर येतात. त्यांची संख्या सामान्यतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सर्वाधिक असते.

आता दोघांचे दिवस मोजून पाहावे. गाजरगवताचे रोप उगवल्यापासून सुमारे चार ते सहा आठवड्यांत फुलावर येऊ शकते. भुंग्याच्या एका पिढीलाही जवळपास तेवढाच काळ लागतो. मे महिन्यातील वळवाच्या पावसाने गवत उगवले, परंतु मोसमी पाऊस जुलैपर्यंत लांबला, तर भुंग्यांची संख्या वाढण्याआधीच गवत फुलून बी धरते. पावसात दीर्घ खंड पडल्यास पाने जून होतात, आणि कोषावस्थेसाठी अळ्यांना लागणारी ओलसर माती मिळत नाही. डिसेंबरमध्ये अवकाळी पावसाने उगवलेल्या गवतावर तर भुंगा जवळपास नसतोच. म्हणजे भुंगा निकामी झालेला नाही. त्याच्या कामाचे दिवस आणि गवताच्या वाढीचे दिवस यांतील अंतर वाढत आहे. ते अंतर भरून काढणे हे माणसाचे काम आहे.

उपटावे की राखावे?

जागृती सप्ताहात गवत उपटण्याचे आवाहन केले जाते. त्याच काळात भुंगा सर्वाधिक सक्रिय असतो. सर्व गवत उपटून टाकले, तर भुंग्याचे खाद्य व त्याची अंडी-अळ्या दोन्ही नष्ट होतात. सर्वच राखले, तर भुंगा न पोहोचलेली झाडे बी सांडतात. यावर उत्तर जागेनुसार व अवस्थेनुसार द्यावे लागते.

पीक असलेले शेत, धुरे, गोठ्याचा परिसर, शाळा व वस्तीजवळची जागा येथील गवत फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असताना मुळासकट काढावे. हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. त्वचेची ॲलर्जी किंवा दमा असलेल्या व्यक्तींनी हे काम करू नये. दूरच्या पडीक जागेत झाडांवर भुंगे व अळ्या भरपूर असतील, तर ते गवत राखावे व तेथे फवारणी टाळावी. तेथून भुंगे गोळा करून छिद्रे असलेल्या डब्यात ताज्या पानांसह नव्या जागी न्यावेत. एकाच ठिकाणी किमान ५०० ते १,००० भुंगे सोडल्यास ते स्थिरावण्याची शक्यता वाढते. मात्र राखलेल्या जागेतही न खाल्लेली झाडे फुलू लागल्यास ती निवडून काढणे आवश्यक आहे.

वर्षभराचे नियोजन

मार्च ते मे : ओलिताखालील बांध, पाट व पाणवठ्याभोवती उगवलेले गवत काढावे. या काळात भुंग्याची मदत मिळत नाही. पडीक जागेत टाकळा अर्थात तरोट्याचे बी एप्रिल-मेमध्ये फेकावे. पावसात तो दाट उगवून गाजरगवताला दाबतो.

जून ते सप्टेंबर : भुंग्यांचे निरीक्षण, संकलन व नव्या जागी सोडणे ही कामे करावीत. पाऊस लांबल्यास भुंग्याची वाट न पाहता कळ्या धरण्यापूर्वीच गवत काढावे.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी : तरोट्याचे बी गोळा करून ठेवावे. ज्या जागेत भुंगे सुप्तावस्थेत गेले आहेत, तेथील माती शक्यतो हलवू नये. अवकाळी पावसानंतर दोन-तीन आठवड्यांनी फेरी मारून नवी रोपे काढावीत.

फुलोऱ्यापूर्वी उपटलेल्या गवताचे कंपोस्ट करता येते. ३ फूट खोल, ६ फूट रुंद व १० फूट लांब खड्ड्यात गवत, शेणकाला व माती यांचे थर द्यावेत, ट्रायकोडर्मा मिसळावा व खड्डा माती-शेणाने लिंपून बंद करावा. चार ते पाच महिन्यांत खत तयार होते. फुले व बी धरलेले गवत उघड्या उकिरड्यावर कदापि टाकू नये. तेच बी शेणखतातून पुन्हा शेतात येते. तणनाशकाचा वापर शेवटचा उपाय म्हणून, त्या पिकासाठी शिफारस असलेल्या औषधापुरता व लेबलवरील सूचनांनुसारच करावा.

तीन तारखांची वही

गाजरगवताचे बी गावाची शीव जाणत नाही. एकाने शेत स्वच्छ ठेवले व शेजारचे पडीक रान फुलले, तर श्रम वाया जातात. म्हणून ग्रामपंचायत, शाळा, बचत गट व शेतकरी गट यांनी एकत्र येऊन हे काम करणे गरजेचे आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या प्रत्येक गावासाठी एक साधी वही ठेवावी व तीत दरवर्षी तीन तारखा लिहाव्यात : माती भिजविणारा पहिला पाऊस, पहिला दिसलेला भुंगा आणि गाजरगवताचे पहिले फूल. भुंगा फुलाच्या बराच आधी दिसत असेल, तर त्याला काम करू द्यावे. दोन तारखा जवळ येत असतील किंवा फूल आधी दिसत असेल, तर त्या गावात खुरपणीची तारीख अलीकडे घ्यावी. काही वर्षांच्या अशा नोंदींतून आपल्या भागातला हवामान बदल डोळ्यांना दिसू लागेल आणि त्याला दिलेले उत्तरही अंदाजाऐवजी अनुभवावर उभे राहील.