शर्करा, शुक्र आणि वाजीकरण पाक

मधुर रस शुक्रवर्धक आहे, हे आपण विद्यार्थीदशेपासून पाठ करीत आलो. त्यामुळे विवाहास तीन-चार वर्षे लोटूनही अपत्य नाही, अशी तक्रार घेऊन पुरुष आला की कौंचपाक, मुसळीपाक यांकडे आपला हात सहज जातो. त्या पाकात साखर किती, हा प्रश्न क्वचितच मनात येतो.

चरकाचार्यांनी गुळाचे पदार्थ प्रमेहाच्या हेतूंत सांगितले आणि प्रमेहाच्या दूष्यांत शुक्राची गणना केली. ही दोन विधाने एकत्र वाचावयास हवीत. कृश, दीप्ताग्नी पुरुषाचे शुक्र ज्या मधुर द्रव्याने पुष्ट होते, तेच द्रव्य स्थूल व बैठ्या पुरुषात मेद आणि क्लेद वाढवून शुक्रासही दूषित करते.

आधुनिक शास्त्राचे म्हणणे यापासून फार दूर नाही. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास ऑक्सिडेटिव्ह ताणामुळे शुक्राणूंतील डीएनए खंडित होतो. स्थूलपणात टेस्टोस्टेरॉन घटते. मधुमेहाने मज्जातंतू बिघडल्यास वीर्य बाहेर न पडता मूत्राशयात उलटते. अशा रुग्णाचे वीर्य अल्प पाहून आपण शुक्रक्षयाचे निदान करतो आणि पाक सुरू करतो! वीर्याचे प्रमाण फार कमी असेल, तर स्खलनानंतरच्या मूत्रात शुक्राणू आहेत काय, हे तपासून घ्यावे.

निरोगी पुरुषाबाबत मात्र अतिशयोक्ती नको. स्वीडनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५ निरोगी तरुणांना एक आठवडा पथ्याहार व पुढील आठवडा त्यावर भरपूर साखर दिली. शुक्राणूंतील सूक्ष्म आरएनए तेवढ्यात बदलले; गती मात्र घटली नाही. शुक्र आहारास किती त्वरेने प्रतिसाद देते, एवढाच बोध त्यातून घ्यावा.

आमच्या तिवशाकडे दिवसास सहा कप चहा ही काही विशेष गोष्ट नव्हे. कपास दोन चमचे धरल्यास साठ ग्रॅमच्या आसपास साखर तेथेच होते. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची मर्यादा, दोन हजार कॅलरींच्या आहारास, सुमारे ५० ग्रॅम आहे. त्यावर महामार्गावरील रसवंती, शीतपेये आणि वर आपला पाक. रुग्णास विचारले तर तो प्रामाणिकपणे सांगतो, "गोड फारसे खात नाही, डॉक्टरसाहेब." चहा तो गोडात धरीतच नाही. म्हणून कप मोजून विचारावेत.

वाजीकरणापूर्वी उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी आणि वीर्यतपासणी करून घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. पतीची ही साधी तपासणी न होताच सुनेच्या तपासण्यांवर वर्षे व पैसा खर्ची पडतो, घरातील बोलही तिलाच ऐकावे लागतात. एचबीए१सी ६.५ वा अधिक आढळल्यास पाक व अवलेह बाजूस ठेवून प्रमेहचिकित्सा प्रथम करावी. बल पाहून शोधन करावे. नंतर अश्वगंधा, कौंचबीज, गोक्षुर ही चूर्णरूपाने बिनसाखरेच्या दुधातून द्यावीत. मधुमेहाची चालू औषधे बंद करू नयेत. अश्वगंधेने साखर आणखी उतरू शकते, तेव्हा तपासणी चालू ठेवावी. शुक्राणूनिर्मितीस सुमारे ७४ दिवस लागतात. तीन महिन्यांच्या आत वीर्यतपासणी पुन्हा करून निराश होण्याचे कारण नाही.

औषधालयचालक बंधूंकडेही एक मागणे आहे. पाकाच्या डब्यावर दर मात्रेतील साखर ग्रॅममध्ये ठळक छापावी, आणि चिठ्ठीवाचून वाजीकरण पाक मागणाऱ्यास मधुमेह आहे काय, एवढे विचारल्याशिवाय डबा देऊ नये.