पत्त्याचा कोपरा आणि बोटांची विद्या

प्रेक्षकाने निवडलेला पत्ता कॅटच्या मधोमध सारला जातो आणि क्षणभरात तोच पत्ता सर्वांत वर निघतो, हा पत्त्यांच्या जादूतील बहुधा सर्वाधिक परिचित प्रयोग होय. त्याचे श्रेय जादूगाराच्या बोटांना दिले जाते आणि ते योग्यही आहे. मात्र बोटांना काय साधेल हे पत्त्याची जाडी, त्याचा ताठपणा, त्याच्या पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा आणि सर्वांत अधिक त्याचे चार कोपरे ठरवतात, ही बाजू क्वचितच ध्यानात घेतली जाते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात ही बाजू पडताळून पाहण्याची विलक्षण सोय आहे, कारण येथे एकीकडे मालवणच्या किनाऱ्यावर घरोघरी खेळला जाणारा ५२ पत्त्यांचा कागदी कॅट आहे, तर दुसरीकडे सावंतवाडीत आजही हाताने रंगवले जाणारे गंजिफाचे पत्ते आहेत, जे गोल आहेत आणि ज्यांना कोपराच नाही.

हातचलाखी म्हणजे पाहणाऱ्याच्या समोर, त्याच्या लक्षात न येता, हाताने केलेली एखादी कृती. ही कृती वेगामुळे दिसत नाही असा सर्वसाधारण समज आहे, पण तो बरोबर नाही. चांगल्या जादूगाराचे हात संथ असतात आणि त्याची गुप्त हालचाल एखाद्या स्वाभाविक हालचालीच्या पोटात दडलेली असते. कॅट एका हातातून दुसऱ्या हातात घेणे, बाही सारखी करणे, पत्ता दाखवण्यासाठी हात पुढे करणे, यांपैकी मोठी हालचाल डोळा टिपतो आणि तिच्या आडोशाला झालेली लहान हालचाल त्याच्यातून निसटते. त्यातही माणूस बोलणाऱ्याच्या नजरेचा माग काढतो, म्हणून जादूगार स्वतः ज्या हाताकडे पाहतो त्याच हाताकडे सगळी सभा पाहते. मराठीत यासाठी ‘नजरबंदी’ हा जुना शब्द आहे. शब्द सुंदर आहे, पण नेमकेपणाने पाहिल्यास बांधली जाते ती नजर नव्हे, तर नजरेमागचे अवधान. डोळे उघडे असतात, समोरची गोष्ट त्यांच्या टप्प्यात असते आणि तरीही ती मनापर्यंत पोहोचत नाही.

वर सांगितलेल्या प्रयोगात जे घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, प्रेक्षकाने चौकटची सत्ती निवडली आणि ती कॅटमध्ये परत ठेवली. ती ठेवली जात असताना जादूगार तिच्या वरच्या गठ्ठ्याखाली करंगळीचे टोक किंचित सरकवून ठेवतो. समोरून कॅट बंद दिसतो, पण मागच्या बाजूला केसाएवढी फट शिल्लक असते आणि त्या फटीवरून कॅट कापला की सत्ती वर येते. त्यावर तो आणखी एक पत्ता, समजा किलवरची दुर्री, चढवतो. आता येते ते या विद्येतील अत्यंत महत्त्वाचे तंत्र, ज्यात वरचे दोन पत्ते एकच असल्यासारखे एकत्र उचलून उलटवले जातात. प्रेक्षकाला दिसते सत्ती. जोडी पुन्हा पालथी कॅटवर ठेवली जाते, वरचा एक पत्ता काढून मधोमध सारला जातो, आणि सत्ती मध्ये गेली असे सगळे समजत असताना मध्ये गेलेली असते दुर्री. सत्ती जागची हललेली नसते. पुढे बोटाने टिचकी मारणे, फुंकर घालणे वगैरे जे काही होते ते केवळ शोभेसाठी, कारण काम केव्हाच उरकलेले असते.

हे तंत्र शक्य होते ते पत्त्याच्या घडणीमुळे. ५२ पत्त्यांचा कॅट साधारण दीड सेंटिमीटर जाड असतो, म्हणजे एका पत्त्याच्या वाट्याला मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो, आणि हातभर अंतरावरून एका पत्त्याची कड व दोन पत्त्यांची कड यांत डोळ्याला भेद करता येत नाही. परंतु दोन्ही पत्ते तंतोतंत एकावर एक बसले पाहिजेत, आणि येथे कोपरा कामाला येतो: अंगठ्याने ढकललेले दोन पत्ते बोटांच्या पेरांना दोन कडांनी टेकले की काटकोनामुळे त्यांची जागा आपोआप पक्की होते, त्यांना इकडे किंवा तिकडे सरकायला वाव उरत नाही. गवंडी ओळंबा लावतो, सुतार गुण्या लावतो, तसा जादूगाराचा गुण्या पत्त्याच्या कोपऱ्यातच तयार असतो.

कोपऱ्याचा आणखी एक उपयोग आहे. पूर्वीच्या युरोपीय पत्त्यांवर कोपऱ्यातील अंक व खूण नसे. पत्ता ओळखण्यासाठी पूर्ण चित्र पाहावे लागे किंवा ठिपके मोजावे लागत. एकोणिसाव्या शतकात कोपऱ्यात खुणा छापण्याची पद्धत रूढ झाली ती खेळणाऱ्यांच्या सोयीसाठी, कारण त्यामुळे हातातली पाने पंख्यासारखी थोडीशी उघडूनही ओळखता येऊ लागली. जादूगाराला मात्र त्यातून मोठी देणगी मिळाली. कॅट दुसऱ्याच्या हाती देताना तो किंचित कलला, तरी नखाएवढा कोपरा दिसतो आणि तळाचा पत्ता कळतो. तेवढ्या माहितीवर एक संपूर्ण प्रयोग उभा राहू शकतो.

या तंत्रांची शिस्तबद्ध मांडणी करणारे पुस्तक एस. डब्ल्यू. अर्डनेस या टोपणनावाने १९०२ साली शिकागोत प्रसिद्ध झाले आणि त्याचा लेखक नेमका कोण होता याविषयी अद्याप एकमत नाही. त्या पुस्तकाचा आयुष्यभर अभ्यास करणारा डाय व्हर्नन हा कॅनडात जन्मलेला जादूगार, १९२२ साली शिकागोत प्रत्यक्ष हुडिनीसमोर उभा राहिला. कोणताही प्रयोग तीनदा पाहिला की आपण तो उलगडतो, असा हुडिनीचा दावा होता. व्हर्ननने त्याच्याकडून एका पत्त्यावर आद्याक्षरे लिहवून घेतली, तो पत्ता वरून दुसरा ठेवला आणि तो सर्वांत वर आणून दाखवला. हे तीनहून अधिक वेळा झाले तरी हुडिनीला उत्तर सापडले नाही. साखळदंडांतून सुटणाऱ्या जगप्रसिद्ध माणसाला सही केलेल्या एका पत्त्याने निरुत्तर केले, यावरून या विद्येची खोली कळून यावी.

कोकणात या विद्येला एक अडचण आहे आणि ती पुस्तकांत सहसा आढळत नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि पत्त्यांचे डाव रंगण्याचे ते दिवस असतात; पुढे गणपतीत रात्र जागवतानाही पत्ते निघतात. नेमक्या याच महिन्यांत समुद्रकाठची दमट हवा कागदात मुरते, पत्ते फुगतात, त्यांच्या कडा वाकतात आणि एकमेकांना चिकटतात. अशा कॅटमधून दोन पत्ते एकत्र उचलणे सोपे होईल असे वाटते, पण प्रत्यक्षात उलट घडते, कारण कधी दोनाऐवजी तीन पत्ते येतात, कधी जोडी ऐन वेळी विलग होत नाही, आणि पंखा उघडताना पाने एकसारखी न पसरता झुपक्यांनी पसरतात. म्हणून सराव करणारे कॅट वापरात नसताना घट्ट डब्यात ठेवतात किंवा प्लास्टिकचे पत्ते घेतात. ते पाण्याला दाद देत नाहीत, पण इतके निसरडे असतात की सवय नसलेल्या हाताची जोडी त्यावर टिकत नाही. एका महिन्यात कागदावर साधलेली गोष्ट दुसऱ्या महिन्यात पुन्हा शिकावी लागते, हे येथील साधकाला आपोआप कळते.

आता सावंतवाडीचा गोल पत्ता. गंजिफाचा खेळ इराणकडून भारतात आला आणि बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसन याला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगल प्रकारात ८ रंगांचे ९६ पत्ते असत. दख्खनेत व कोकणात मान मिळाला तो दशावतारी प्रकाराला, ज्यात १० अवतारांचे १० रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतची १० पाने, असे एकूण १२० पत्ते असतात. मत्स्यावताराच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू, अशा खुणांच्या संख्येवरून पान ओळखायचे. दिवसा खेळताना ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याने आणि रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा राजा असेल त्याने आरंभ करावा, असा संकेत आहे. ज्या जिल्ह्यात जत्रांच्या दिवसांत दशावतारी नाटके रात्रभर चालतात, तेथे हे दहा अवतार खेळाच्या पानांवर उतरले यात नवल नाही.

विसाव्या शतकात ही कला जवळजवळ संपली होती. पुंडलिक चितारी यांच्यासारख्या वृद्ध कारागिराच्या हातात ती शिल्लक असताना, १९७० च्या दशकाच्या आरंभी सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यात कारागिरांना बसवून तिला पुन्हा उभे केले. चिंचोक्याच्या खळीचे थर, वरून घोटाई, रंगकाम आणि शेवटी लाखेचा लेप, अशा क्रमाने तयार होणारा हा पत्ता ताठ, जाडसर आणि चकचकीत असतो. लाखेमुळे दमट हवेला तो छापील कागदापेक्षा चांगला टिकतो. श्रीमंती पद्धतीच्या पत्त्यांना नक्षीदार किनार असते व त्यांना दरबारी म्हणतात, साध्या पत्त्यांना बाजारी.

या पत्त्यावर वर वर्णिलेली चलाखी चालत नाही. १२० जाड पत्त्यांचा गठ्ठा एका पंजात मावत नाही, त्यामुळे तो हातात पिसणेही शक्य नाही. पत्ते चादरीवर पालथे पसरून दोन्ही हातांनी कालवावे लागतात. कडेला टेकवून जुळवायला कोपरा नसल्याने एकत्र उचललेले दोन गोल पत्ते कोणत्याही दिशेला सरकू शकतात, आणि ते जुळले तरी त्यांची दुप्पट जाडी डोळ्यात भरते. कोपऱ्यातील खूण नसल्याने ओझरते पान पाहून उपयोग नाही, कारण मासे सात की आठ हे मोजल्याशिवाय समजत नाही. पाठ मात्र एकरंगी व गोल असल्याने वरखाली असा भेद तिच्यात नसतो; छापील पत्त्याच्या पाठीवरची नक्षी एकतर्फी असेल तर उलट ठेवलेला पत्ता ओळखण्याची जी युक्ती वापरली जाते, तीही येथे निरुपयोगी ठरते. गंजिफाच्या कारागिरांनी फसवणूक रोखण्यासाठी हा आकार निवडला असे म्हणण्यास आधार नाही, पण परिणाम तसाच झाला.

ज्या जादूत हाताचे काहीच काम नसते ती मात्र गोल पत्त्यावरही निर्वेध चालते. मराठी घरांतील मुलांना ठाऊक असलेली २१ पत्त्यांची जादू याच वर्गातली. ७ पत्त्यांच्या ३ रांगा मांडून पत्ता कोणत्या रांगेत आहे एवढेच विचारायचे, ती रांग उचलताना मध्ये ठेवायची आणि असे तीनदा करायचे, की मनात धरलेला पत्ता अकरावा निघतो. कारण साधे आहे: पहिल्या फेरीनंतर तो पत्ता आठव्या ते चौदाव्या जागेत अडकतो, दुसऱ्या फेरीनंतर दहाव्या ते बाराव्या जागेत, आणि तिसऱ्या मांडणीत आपल्या रांगेत तो चौथाच असणार, म्हणजे अकरावा. येथे बोटे कितीही ओबडधोबड असली तरी चालते, फक्त रांगांचा क्रम चुकता कामा नये.

या दोन्ही प्रकारांना एकेकाळी चेटूक समजले गेले. इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट याने १५८४ साली लिहिलेल्या ग्रंथात पत्त्यांच्या व इतर हातचलाख्या उलगडून दाखवल्या, त्या चेटकीण ठरवून माणसे मारली जाऊ नयेत म्हणून. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव ‘चमत्कार’ करून त्यामागची युक्ती सांगत आले, तो याच परंपरेचा धागा. हातचलाखी करणारा स्वतःला दैवी म्हणवत नाही तोवर त्याची कृती ही कला असते. तीच बोटे जत्रेतल्या जुगारात राणी लपवू लागली की ती चोरी होते. बोटांचे शिक्षण दोन्हीकडे एकच, म्हणून या विद्येत शिकणाऱ्याच्या सचोटीला इतके मोल द्यावे लागते.

गोल पत्त्याची हातचलाखी होणारच नाही, असे म्हणणे मात्र घाईचे ठरेल. गंजिफाचे पत्ते निरनिराळ्या व्यासांचे बनतात, आणि त्यांतला लहान पत्ता आकाराने व ताठपणाने छापील पानापेक्षा नाण्याला जवळचा आहे. नाण्यांच्या जादूत अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा आणि समोरची तळहाताची कड यांच्यात नाणे चिमटून धरतात व हात सैल सोडून बोटे मोकळी ठेवतात. नाणे कडेने धरले जात असल्याने त्याला कोपरा लागत नाही, उलट गोल कड असेल तरच ते तळहातात नीट बसते. लाखेचा ताठ पत्ता या पकडीत वाकणार नाही. त्याच्या चकाकीमुळे तो निसटण्याची भीती आहे, तेव्हा दरबारी पत्त्याऐवजी वापरून किंचित खरखरीत झालेला बाजारी पत्ता घ्यावा लागेल, आणि हात कोरडा राहावा म्हणून सराव पावसाळ्यात न करता जत्रांच्या दिवसांत, थंडीत करावा लागेल.